नगराची स्वच्छता : सुरतेचा अनुभव आणि यावलपुढील कार्य

सातपुड्याची रांग आणि तापी नदी यांच्या दरम्यान पसरलेला यावल तालुका केळीच्या बागांसाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. सातपुड्यातून उतरणारे नाले आणि लहानमोठ्या नद्या या तालुक्यातून दक्षिणेकडे वाहत जाऊन तापीला मिळतात. तेथून पुढे तापी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून पश्चिमेकडे जाते, उकाईच्या जलाशयात काही काळ विसावते आणि अखेर सुरत शहराला पिण्याचे पाणी पुरवून समुद्राला मिळते. यावलच्या एखाद्या नाल्याच्या काठी टाकलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसात कोठे जातो, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर असे सरळ आखलेले आहे.

खानदेश आणि सुरत यांचा संबंध केवळ नदीपुरता नाही. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत–भुसावळ लोहमार्गाने पिढ्यान् पिढ्या खानदेशातील माणसे कामधंद्यासाठी सुरतेस गेली. तेथील कापड गिरण्यांत, यंत्रमागांवर आणि बाजारपेठेत राबणारी हजारो खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत यांसारख्या वस्त्यांत स्थायिक झालेली आहेत. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतील कित्येक घरांचे नातेवाईक आज सुरतेत आहेत. म्हणूनच १९९४ साली सुरतेवर जे संकट ओढवले, त्याची झळ खानदेशातील खेड्यापाड्यांनाही लागली. त्या संकटाचा आणि त्यातून त्या शहराने स्वतःस कसे सावरले याचा अभ्यास महाराष्ट्रातील नगरपालिका, ग्रामपंचायती व शाळा यांना उद्‌बोधक ठरेल.

१९९४ चे संकट

१९९१ च्या जनगणनेनुसार सुरत शहराची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. हिरे व कापड उद्योगांमुळे शहर झपाट्याने वाढले. परंतु गटारे, कचरा वाहतूक आणि पाणीपुरवठा यांची वाढ त्या प्रमाणात झाली नाही. झोपडवस्त्यांत कचरा उचलण्याची नियमित सोय नव्हती. १९९४ च्या पावसाळ्यात अतिवृष्टी झाली, तापीला पूर आला आणि सखल भागांत पाणी साचून राहिले. पूर ओसरल्यावर चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे रस्त्यांवर उरली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळू लागले. पन्नासहून अधिक माणसे दगावली. भीतीने लाखो लोकांनी काही दिवसांतच शहर सोडले. आगगाड्या आणि बसगाड्या माणसांनी भरून निघाल्या. कामगार आपापल्या गावाकडे परतले. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रुग्ण आढळलेले असल्याने महाराष्ट्रातही चिंतेचे वातावरण होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. प्लेगचा जंतू कचऱ्यात आपोआप जन्म घेत नाही. तो उंदीर व तत्सम प्राण्यांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. फुप्फुसाचा प्लेग रुग्णाच्या खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. तथापि साठलेला कचरा उंदरांना अन्न आणि आसरा देतो, तुंबलेली गटारे डासांना जागा देतात आणि दाट, अस्वच्छ वस्तीत साथीला रोखणे कठीण होते. म्हणजे कचरा हा रोगाचा बी नव्हे, पण त्याची नांगरलेली जमीन आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा भेद अवश्य सांगावा. कारण साथीच्या काळात अर्धवट माहितीच भीती वाढविते.

शहर कसे सावरले

मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव यांनी सुरत महानगरपालिकेच्या आयुक्तपदाची सूत्रे हाती घेतली. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत शहराचे रूप पालटले. १९९६ साली एका राष्ट्रीय संस्थेने केलेल्या पाहणीत चंदीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेची गणना झाली. अवघ्या दोन वर्षांपूर्वी जे शहर सोडून लोक पळत होते, त्याची ही गोष्ट होय.

हा पालट कोणत्या साधनांनी झाला? शहराचे सहा विभाग करण्यात आले आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखास निर्णय घेण्याचे व खर्चाचे अधिकार देण्यात आले. खड्डा बुजविणे किंवा गटार उपसणे यांसाठी मुख्य कार्यालयाकडे कागद पाठवून वाट पाहण्याचे कारण उरले नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी काही तास कचेरीत न बसता रस्त्यावर, वस्त्यांत व बाजारात फिरावे असा दंडक घातला गेला. त्याच दिवशी आढावा बैठक होऊन सकाळी दिसलेल्या उणिवा कोणी व कधी दूर करावयाच्या हे ठरू लागले. मुख्य रस्ते रात्री पुन्हा झाडण्याची पद्धत सुरू झाली. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास दंड होऊ लागला. खाद्यपदार्थांच्या दुकानांची तपासणी कडक झाली. दंड करताना लहान टपरीवाला आणि मोठा व्यापारी असा भेद केला जात नाही, हे लोकांना दिसले तेव्हा सहकार्यही वाढले.

या यादीत एकही अद्‌भुत यंत्र नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. सफाई कामगार तेच होते, झाडूही तेच होते. बदलली ती कामाची शिस्त, देखरेख आणि जबाबदारी. प्रत्येक गल्लीचे उत्तरदायित्व एका नाव असलेल्या माणसाकडे आले आणि त्या माणसाला दररोज विचारणारा कोणी तरी नेमला गेला.

या व्यवस्थेची खरी कसोटी बारा वर्षांनी लागली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला १९९४ पेक्षाही मोठा पूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. चिखल आणि कचरा यांचे ढीग पुन्हा साचले. परंतु या वेळी सफाईची यंत्रणा तयार होती; गाळ उपसण्याचे व जंतुनाशक फवारण्याचे काम तातडीने हाती घेण्यात आले आणि १९९४ सारखी साथ उद्‌भवली नाही. तोपर्यंत श्री. राव यांची बदली होऊन अनेक वर्षे लोटली होती. अधिकारी बदलले तरी पद्धत टिकली, हे सुरतेच्या अनुभवातील सर्वांत मोलाचे सूत्र आहे. पुढे २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह संयुक्तपणे पहिला क्रमांक मिळविला.

मिश्र कचऱ्याची किंमत

रस्ता झाडून निघाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. उचललेला कचरा शेवटी कोठे जातो, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. मुंबईतील देवनार येथील कचराभूमी १९२७ पासून वापरात होती. तेथे दशकानुदशके ओला व सुका कचरा एकत्र टाकला गेला. असा मिश्र कचरा ढिगाखाली हवेविना कुजतो, तेव्हा त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. आणि ढिगातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोहोचते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस मुंबईच्या पूर्व भागावर रेंगाळत राहिला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा दृष्टीआड केल्याने तो नाहीसा होत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

या धोक्याची दखल न्यायालयानेही घेतली. श्रीमती अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून या विषयाला देशपातळीवर चालना मिळाली आणि २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम अस्तित्वात आले. २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येक घरावर आणि संस्थेवर तो मुळातच वेगळा करून देण्याची जबाबदारी टाकली : ओला, सुका आणि घरगुती घातक असे त्याचे प्रकार ठरविले. तत्पूर्वी १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नागरी स्थानिक संस्थांच्या कार्यकक्षेत आणलेला होता. म्हणजे अधिकार आणि कर्तव्य दोन्ही नगरपालिकेच्या दारी आलेली आहेत.

महाराष्ट्रातच याचे आशादायक उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने घालून दिले. सुमारे १२ हजार वस्तीच्या या गावाने घरोघरी कचरा वेगळा करून घेण्याची सवय लावली, गोळा झालेला सुका कचरा आणखी अनेक प्रकारांत निवडून विकला, ओल्या कचऱ्यापासून जैववायू व खत तयार केले आणि एके काळी दुर्गंधीमुळे टाळली जाणारी कचरा डेपोची जागा लोकांनी पाहावयास यावे अशा बागेत रूपांतरित केली. लहान गावाला मोठ्या शहराइतका पैसा नसतो हे खरे. परंतु त्याचा कचराही थोडा असतो आणि घरे परस्परांस ओळखणारी असतात. ही लहान गावाची खरी पुंजी आहे.

यावलचा हिशेब

आता हेच गणित यावलसाठी मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत यावल शहराची लोकसंख्या ३५ हजारांच्या पुढे गेलेली होती. लहान नगरांत दरमाणशी दररोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा निर्माण होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सरासरी २५० ग्रॅम धरल्यास ३६ हजार वस्तीच्या गावात दररोज सुमारे ९ टन कचरा तयार होतो. आपल्याकडील नागरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग स्वयंपाकघरातील व भाजीबाजारातील ओल्या पदार्थांचा असतो. म्हणजे साडेचार टन ओला कचरा रोज एक तर खत होईल, नाही तर दुर्गंधी. मधला मार्ग नाही.

ओला कचरा शुद्ध मिळाला तर त्याचे खत करणे अवघड नाही. कुजविण्याच्या ढिगात पन्नास ते साठ टक्के ओलावा हवा. मुठीत घेऊन दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, ही त्याची सोपी खूण. ओल्या भाजीपाल्यात नत्र अधिक असते. म्हणून त्यात वाळलेला पाला, तूस किंवा भुसा असे कर्बयुक्त पदार्थ मिसळावे लागतात. ढीग आठवड्यातून एकदा उलथावा म्हणजे आत हवा खेळते. चांगल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि त्या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी नष्ट होते. दीड ते दोन महिन्यांत काळे, मातीसारखा वास येणारे खत तयार होते. मात्र त्या ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या, विजेऱ्या किंवा औषधांच्या बाटल्या मिसळल्या असतील, तर कोणताही शेतकरी ते खत आपल्या बागेत घेणार नाही. खताचा दर्जा कारखान्यात ठरत नाही. तो स्वयंपाकघरातील ओट्याशेजारी ठरतो.

यावलच्या बाबतीत एक अनुकूल परिस्थिती अशी की, खताचे गिऱ्हाईक वेशीबाहेरच उभे आहे. केळी हे जमिनीतून अन्नद्रव्ये मोठ्या प्रमाणात उचलणारे पीक आहे. मोठ्या महानगराला आपले खत विकण्यासाठी दूरवर वाहतूक करावी लागते. यावलला ती अडचण नाही.

केळीच्या बागेतील कचरा

तालुक्यातील ग्रामपंचायतींपुढे याच प्रश्नाचे वेगळे रूप आहे. केळीचा घड कापल्यावर उरणारे खोड पाण्याने भरलेले व जड असते. ते शेतातून बाहेर काढून बांधावर, रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकले जाते. नाला तुंबतो, पाणी सडते आणि पावसाळ्यात तोच लोंढा तापीकडे धाव घेतो. वस्तुतः हे खोड म्हणजे टाकाऊ पदार्थ नव्हे. त्याचे तुकडे करून शेणासोबत कुजविल्यास उत्तम गांडूळखत होते. त्यापासून धागा निघतो. सुरतेजवळच्याच नवसारी कृषी विद्यापीठाने खोडातील रसापासून पिकांसाठी द्रवरूप सेंद्रिय खत तयार करण्याची पद्धत विकसित केलेली आहे.

खोड कुजते, परंतु घडावर घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या कुजत नाहीत. त्या बांधावर जाळल्यास विषारी धूर होतो आणि नाल्यात टाकल्यास त्या नदीपर्यंत पोहोचतात. ग्रामपंचायतीने वर्षातून ठरावीक दिवशी असा माल एका जागी जमा करून भंगार खरेदी करणाऱ्यास देण्याची व्यवस्था केली, तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि नाला मोकळा राहील.

टाकाऊतून उपयुक्त वस्तू घडविणे यावलला नवे नाही. ब्रिटिश राजवटीतील गॅझेटियरमध्ये या गावाचा उल्लेख देशी कागद आणि नीळ यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेले गाव म्हणून आलेला आहे. जुना देशी कागद हा चिंध्या, गोणपाट व दोरखंडाचे तुकडे यांचा लगदा करूनच बनविला जात असे. आज ज्याला आपण पुनर्वापर म्हणतो, तो एके काळी कागदी मंडळींच्या घरचा रोजचा व्यवसाय होता.

काय करता येईल

सुरतेच्या अनुभवावरून आणि वरील हिशेबावरून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात.

पहिली, घंटागाडीची वेळ. गाडी रोज एकाच वेळी आली तर गृहिणी कचरा घरात ठेवून तिची वाट पाहते. दोन दिवस चुकली की तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर उकिरडा तयार होतो. रस्त्यावरचा उकिरडा हा बहुधा नागरिकांच्या बेशिस्तीचा नव्हे, तर वेळापत्रक मोडल्याचा पुरावा असतो.

दुसरी, वेगळेपणा शेवटपर्यंत पाळणे. घरांनी दोन डब्यांत दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झाला, तर लोकांचा विश्वास एका सकाळीत नष्ट होतो आणि तो परत मिळविण्यास वर्ष लागते. गाडीत स्वतंत्र कप्पे असावेत आणि डेपोवर दोन्ही ढीग वेगळे उतरावेत. ज्या घरांनी मिश्र कचरा दिला, त्यांना प्रथम समजावून सांगावे आणि नंतरच दंडाचा विचार करावा.

तिसरी, देखरेख. मुख्याधिकारी, आरोग्य निरीक्षक व नगरसेवक यांनी आठवड्यातून ठरावीक सकाळी एकेक प्रभाग पायी पाहावा आणि दिसलेल्या उणिवांची नोंद त्याच दिवशी संबंधित मुकादमाच्या नावापुढे करावी. पुढच्या फेरीत प्रथम मागील नोंदीच तपासाव्यात.

चौथी, सफाई कामगार आणि कचरावेचक यांची काळजी. हातमोजे, बूट, आरोग्य तपासणी आणि हात धुण्यास पाणी ही कामाची हत्यारे आहेत, सवलत नव्हे. पुणे महानगरपालिकेने २००८ पासून कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेस घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम दिले. कचऱ्याच्या ढिगात हात घालून पोट भरणाऱ्या स्त्रिया त्यामुळे दारोदार सन्मानाने काम करू लागल्या. सुका कचरा कोणता विकला जातो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. लहान गावांनीही या ज्ञानाचा उपयोग करून घ्यावा.

पाचवी, शाळा. शिक्षकांना एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. इयत्ता सातवी किंवा आठवीच्या विद्यार्थ्यांनी सात दिवस आपापल्या घरचा ओला, सुका आणि घातक कचरा वेगवेगळा तोलावा आणि वहीत तीन रकान्यांत नोंदवावा. आठव्या दिवशी वर्गात सर्वांच्या नोंदींची बेरीज करून दरमाणशी सरासरी काढावी आणि तिला गावाच्या लोकसंख्येने गुणावे. सरासरी, टक्केवारी आणि आलेख हे गणितातील पाठ त्यातून शिकविता येतील. शिवाय आपल्या गावाच्या कचऱ्याचा खरा आकडा मुलांनी स्वतः मोजून काढलेला असेल. तो तक्ता नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस सादर करावा. वेळापत्रक आखताना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

उपसंहार

यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन झाले. राष्ट्रकार्याचा विचार खेड्याच्या भूमीवर उतरावा हा त्यामागील हेतू होता, आणि ग्रामसफाई हा महात्मा गांधींच्या विधायक कार्यक्रमाचा अविभाज्य भाग होता. पुढे संत गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. हातात खराटा घेऊन गावात प्रथम रस्ता झाडावा आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहावे, हा बाबांचा क्रम होता. त्यात प्रशासनासाठीही एक शिकवण आहे : उपदेश नंतर, काम आधी.

सुरतेने स्वच्छतेचा धडा पन्नासहून अधिक जीव गमावून आणि लाखोंना घर सोडावयास लावून घेतला. यावल, फैजपूर आणि तापीकाठच्या इतर गावांना तो तसा घ्यावा लागू नये. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांवर खालच्या अंगाच्या लोकांचे ऋण असते. आणि येथे तर खालच्या अंगाला आपलीच माणसे राहतात. उधन्यातील एखाद्या खानदेशी घरात सकाळी माठ भरला जातो, तेव्हा त्या पाण्यात तापीच्या साऱ्या खोऱ्याचा वाटा असतो. तो वाटा कसा असावा, हे यावलच्या प्रत्येक घरातील दोन डब्यांवर आणि वेळेवर येणाऱ्या एका घंटागाडीवर अवलंबून आहे.